एकशे चाळीस सह्या

३ जून

ती. मामांस नमस्कार.

पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ताईच्या मोबाइलवर लिहून पाठवलं की आधी सगळं घर वाचतं, मग तुमच्यापर्यंत येतं. मागच्या वेळी दाजींनी माझ्या शुद्ध लिहिण्याचं कौतुक कळवलं, पण मी विचारलेल्याचं उत्तर काही आलं नाही.

काम असं आहे. सोमवारी केबिनमधल्या कॉम्प्युटरची सिस्टिम बदलली. खोकं तेच आहे, आतलं सगळं नवं. तुम्ही निवृत्त झाल्यावर एक कॉम्प्युटरवाला लागला आहे, आठवड्यातून दोनदा येतो. कुठल्याही दुखण्यावर त्याचं औषध एकच, म्हणून वर्कशॉपमध्ये त्याला ‘रीस्टार्ट’ म्हणतात. त्याने चार तास बसून सिस्टिम टाकली आणि गेला. मग मी आपल्या जुन्या लेथचा, म्हातारीचा बॅकअप घ्यायला बसलो, तर ट्रान्सफरचा प्रोग्राम ‘पोर्ट सापडला नाही’ म्हणून बंद होतो. लेथपासून केबिनपर्यंत गेलेली जाड करडी केबल मी दोन्ही टोकांना तपासली. नऊच्या नऊ पिना सरळ आहेत. स्क्रू पिळलेले आहेत. केबल आहे, पोर्ट आहे, पण नव्या सिस्टिमला तो दिसत नाही.

बॅकअपच्या तक्त्यावर जूनची चौकट त्यामुळे रिकामी आहे. तुमची अकरा वर्षं आणि माझे आठ महिने, एकही चौकट कधी रिकामी राहिली नव्हती.

त्यात २८ मेपासून म्हातारीच्या पडद्यावर बॅटरीचा अलार्म लुकलुकतो आहे. तिची मेमरी त्या तीन सेलांवर जिवंत असते हे तुम्हीच सांगितलं होतं. मालकीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “उस्तादांचा अकरा वर्षांचा बॅकअप आहे ना? मग बिघडलं कुठे? मेमरी गेली तर परत भरू.” आणि जाता जाता म्हणाल्या, “भरता आली नाही, तर मात्र हे धूड भंगारातच. बनवणारी कंपनीसुद्धा आता याला ओळख दाखवत नाही.”

त्या सहज बोलल्या. पण मामा, नव्या दोन्ही मशीनवर डिप्लोमावाले घेतात. मी दहावीच्या पुढे गेलो नाही आणि म्हातारीशिवाय मला दुसरं काही येत नाही. ती भंगारात गेली तर तिच्यामागून मीच.

पोर्टची सेटिंग तुम्हाला पाठ असतील. तेवढी कळवा. वेग, बिट, पॅरिटी, सगळं. अंदाजाने काही करायचं माझ्याच्याने होत नाही.

आई बरी आहे.

आपला भाचा


८ जून

चि. भाच्यास आशीर्वाद.

तुझं पत्र जावईबापूंनी माझ्या हातात बंदच दिलं, पण चेहरा असा केला की जणू उपकार केले. इथे माझं बरं चाललंय. ताई मला काही करू देत नाही. परवा स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायला घेतला, तर प्लंबर बोलावला. तो पोरगेला प्लंबर वायसर उलटा बसवत होता. मी बोललो नाही. अजून गळतोय.

सेटिंग लिहून घे: वेग ४८००, डेटा बिट सात, पॅरिटी सम, स्टॉप बिट दोन. पॅनेलच्या दाराच्या आत एक पिवळा पडलेला कागद आहे, त्यावरही हेच आहे.

पण तू कशाला जिवाला घोर लावून घेतोस? पोर्ट दिसत नसेल तर तो त्या रीस्टार्टचा घोळ, त्याने निस्तरावा. तू चौकटीत सही करून मोकळा हो. एका महिन्याने काही आभाळ कोसळत नाही. प्रोग्राम तेच आहेत, बदललंय काय? आणि बॅटरीचं म्हणशील तर अलार्म लागल्यावरही ते सेल दोन दोन महिने जातात. तू त्याला हात लावू नकोस. त्याआधी मी चक्कर टाकेन तेव्हा मीच बदलेन.

जुन्या फाइलींना उगाच हात लावत बसू नकोस. असल्या गोष्टी जितक्या कमी हाताळाव्या तितक्या टिकतात.

तुझ्या आईला गुडघ्याचं विचार.

मामा


१३ जून

ती. मामांस नमस्कार.

सेटिंग मिळाली. दारातल्या कागदाशी ताडून पाहिली, तंतोतंत आहे.

जूनची सही मी केलेली नाही. बॅकअप घेतला नाही, मग ‘घेतला’ असं कसं लिहू? रागावू नका.

रीस्टार्टने एक छोटी तार आणली, एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला नऊ पिनांचं तोंड. आधी नव्या सिस्टिमने तिला ओळखच दिली नाही. आतली चिप नकली आहे म्हणून ड्रायव्हर बसेना. त्याने दुसरी तार आणली. ती ओळखली, पण पोर्टचा नंबर अकरा दिला, आणि आपल्या जुन्या प्रोग्रामला चारच्या पुढे मोजता येत नाही. एवढ्यावर बुधवार संपला.

आता वाईट बातमी. रीस्टार्ट खटपट करत होता तेव्हा मी जुन्या फाइलींचं कपाट, म्हणजे कॉम्प्युटरमधलं, उघडून पाहिलं. जुन्या सिस्टिमवर आपल्याला फक्त फाइलीचं नाव आणि तारीख दिसायची. नव्यात आकारही दिसतो. मामा, एकशे चाळीस फाइली आहेत आणि एकशे चाळीसांचा आकार शून्य आहे. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा पाहिल्या. प्रत्येक उघडली. कोरी पानं.

अपग्रेडने सगळं खाल्लं. मी तसाच बाईंकडे गेलो आणि सांगितलं. बाईंनी रीस्टार्टला बोलावलं. तो म्हणाला, “बाई, मी त्या फोल्डरला हातही लावला नाही.” बाई म्हणाल्या, “मग काय वाळवी लागली?” महिनाअखेर त्याचं काम थांबवायचं ठरलं आहे. इतर दोन कारखान्यांत तो आमच्याच ओळखीने लागला होता, तिथेही बाई कळवणार आहेत. मला त्याचं वाईट वाटतं, पण अकरा वर्षांची मेहनत गेली हेही खरं.

आता सगळी भिस्त मशीनच्या आतल्या मेमरीवर आहे, म्हणून मी थांबणार नाही. तीन नवे सेल आणले आहेत. उद्या रविवार, काम नाही, पण शॉपच्या कुलपाची किल्ली उद्या बाईंकडे नाही, म्हणून पुढच्या रविवारी, २१ तारखेला बदलेन. नियम मला पाठ आहे: पॅनेल उघडण्याआधी मेन बंद, कुलूप, पाटी, मग हात. एकटाच असेन म्हणून दुप्पट काळजी घेईन.

आपला भाचा


१८ जून

चि. भाच्यास आशीर्वाद.

हे पत्र जलद टपालाने टाकतो आहे. आधी एवढंच वाच आणि मग खाली ये.

मेन बंद करायचा नाही. सेल बदलताना म्हातारी चालू पाहिजे. मेन बंद करून जुने सेल काढलेस तर त्या क्षणी मेमरी कोरी. नियम सगळ्या कामांना आहे, ह्या एका कामाला नाही. मशीन चालू, मोटार बंद, इमर्जन्सी बटण दाबलेलं, कोरडे हात, आणि सेलांच्या डबीशिवाय आत कशालाही बोट लावायचं नाही. डबी बाहेरूनच उघडते, विजेच्या तारा पलीकडे आहेत. तुला हे आधी सांगायला हवं होतं. प्रत्येक वेळी मीच बदलले म्हणून सांगायचं राहिलं. खरं तर रविवारी हातच लावू नकोस.

फाइलींचं म्हणशील तर असं होतं. कॉम्प्युटर ही जातच तशी. जे झालं ते झालं. रीस्टार्ट तरुण आहे, त्याला छप्पन कारखाने मिळतील. तू मध्ये पडू नकोस. बाई विचारतील तेवढंच सांग.

नळ अजून गळतोय.

मामा


२३ जून

ती. मामांस नमस्कार.

तुमचं पत्र शनिवारी दुपारी दीड वाजता मिळालं. रविवारी मी गेलोच नाही. सेल माझ्या कपाटात आहेत. ते पत्र सोमवारी मिळालं असतं तर, हा विचार मी दिवसातून पुष्कळदा करतो.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुम्ही घाबरलात. तुमच्या अक्षरावरून कळतं, पहिल्या ओळींतली वेलांटी कागद फाडून गेली आहे. एरवी तुम्ही म्हणाला असता, ‘कॉम्प्युटरवाल्याकडून फाइली सोडवून घे.’ तुम्ही एकदाही तसं म्हणाला नाहीत.

काल रीस्टार्टने मला बाहेर बोलावलं, सायकलींच्या शेडमध्ये. सिस्टिम बदलण्याआधी त्याने जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवली होती. म्हणाला, सवय आहे. ती त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून दाखवली. तिथेही एकशे चाळीस. तिथेही शून्य. मेची, एप्रिलची, मार्चची, माझ्या आठही शून्य, आणि त्याआधीच्या एकशे बत्तीससुद्धा.

तो म्हणाला, “काटकोन, तू मुद्दाम केलं नाहीस हे मला दिसतंय. पण पोट माझ्याही मागे आहे. सोमवारी सकाळी मी ही डिस्क बाईंच्या टेबलावर ठेवणार. त्याआधी तुला सांगायचं असेल तर सांग.”

शॉपमध्ये मला काटकोन म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मी कशातही वाकत नाही म्हणून.

मामा, मी काय चुकलो? तुम्ही दाखवलं तसंच करत आलो. महिन्याच्या एक तारखेला ट्रान्सफर उघडायचा. फाइलीला महिन्याचं नाव द्यायचं. ‘घ्या’ दाबायचं. शंभरपर्यंत मोजायचं. ‘थांबवा’ दाबायचं. ‘फाइल साठवली’ असं येतं. नाव आणि तारीख बरोबर आहे का पाहायचं. तक्त्यावर सही, खाली वेळ. मी वेळ मिनिटासकट लिहीत आलो आहे. यात काय राहिलं ते सांगा. उत्तर सोमवारच्या आत येणार नाही हे मला कळतं, तरी विचारतो.

आपला भाचा


२६ जून

चि. भाच्यास आशीर्वाद.

राहिलं ते म्हातारीच्या बाजूचं. कॉम्प्युटर ‘घ्या’वर ठेवायचा आणि मग मशीनपाशी जाऊन, एडिट मोडमध्ये, ‘पंच’ ही कळ दाबायची. कागदी पट्टीला भोकं पाडायचे त्या काळातलं ते नाव. ती दाबली की मशीन बोलायला लागतं. आपण कॉम्प्युटरचा कान लावून बसलो आणि बोलणाऱ्याला बोल म्हणालोच नाही. रिकाम्या फाइली तशाच झाल्या. ती कळ मी तुला दाखवली नाही, कारण मी ती अकरा वर्षांत दाबलेली नाही.

का ते सांगतो. कॉम्प्युटर पहिल्यांदा जोडला त्या आठवड्यात मी ‘पंच’च्या शेजारची ‘रीड’ दाबली. कॉम्प्युटरमधल्या एका अर्धवट फाइलीने पंपाच्या मोठ्या रिंगेचा प्रोग्राम पुसून टाकला. तीनशे ओळींचा. मी सगळ्यांना सांगितलं की हत्यार धरणारा टूलपोस्ट ढिला झालाय, मशीन बंद ठेवा. तीन शिफ्ट उभा राहून एक जुनी रिंग मापून, आठवून, प्रोग्राम पुन्हा लिहिला. पहिला जॉब बरोबर उतरला. लोक म्हणाले, उस्तादांनी टूलपोस्ट काय बसवलाय! मी मान हलवली.

त्याच महिन्यात बाईंनी तक्ता लावला. एक तारीख आली की माझा हात त्या दोन कळांपाशी जायचा आणि परत यायचा. पहिल्या महिन्यात म्हटलं, पुढच्या महिन्यात घेऊ. सही मात्र केली. मग पुढचा महिना आला. तुला शिकवताना वाटलं होतं, आता तरी दाखवू. तू इतका मन लावून लिहून घेत होतास की माझ्या तोंडून अर्धवटच निघालं.

रीस्टार्टबद्दल मी लिहिलं ते माणसासारखं लिहिलं नाही. ते पत्र फाड.

बाईंना लिहिलेलं वेगळं पत्र सोबत आहे. त्यात सगळं आहे, माझ्या सहीने. तुझ्या आठ सह्या मला पुसता येत नाहीत, पण त्या कुणी शिकवल्या ते लिहिलं आहे. हे बाईंच्या हातात दे. माझी अब्रू वगैरे मनात आणू नकोस.

मामा


४ जुलै

ती. मामांस नमस्कार.

तुमचं पत्र बुधवारी, १ तारखेला मिळालं. तोवर सोमवार होऊन गेला होता. घडलं तसं लिहितो.

सोमवारी मी पावणेआठला केबिनच्या दारात उभा राहिलो. बाई आल्या, म्हणाल्या, “काय रे, शाळेत उभं केल्यासारखा?” मी म्हणालो, “बाई, फाइली अपग्रेडने खाल्ल्या नाहीत. त्या आधीपासूनच रिकाम्या होत्या. मी आठ वेळा खोटी सही केली.”

“मुद्दाम?”

“नाही. पण मी कधी फाइल उघडून पाहिली नाही.”

त्यांनी तक्ता काढायला लावला. माझ्या सह्यांवरून बोट फिरवलं आणि मग मागची पानं उलटत गेल्या. “आणि ह्या उस्तादांच्या?”

मी म्हणालो, “त्याही रिकाम्या आहेत. का ते मला माहीत नाही.” त्या वेळी खरंच माहीत नव्हतं. अंदाज होता, पण अंदाज सांगितला नाही.

तेवढ्यात रीस्टार्ट डिस्क घेऊन आला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बस. मी तुला वाळवी म्हटलं होतं, ते मागे घेते.” तो बसला नाही. म्हणाला, “आधी मशीन वाचवू.” त्याने पोर्टचा नंबर अकराचा तीन केला होता, त्यामुळे जुना प्रोग्राम आता तो उघडत होता. म्हातारीचं माहितीपुस्तक त्याने कुठून तरी उतरवून आणलं होतं. ‘पंच’ची कळ आम्हाला त्यात सापडली, पान एकशे सहावर. ‘रीड’ तिला खेटूनच आहे. मी बोट ठेवण्याआधी तिच्यावर चिकटपट्टी लावली.

पहिल्यांदा पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. नव्या सिस्टिमने वेग आणि पॅरिटी स्वतःच्या मनाने धरली होती. तुमची सेटिंग घातली. पुन्हा ‘पंच’. आणि ओळी यायला लागल्या मामा, एकाखाली एक, स्वच्छ. आधी पॅरामीटर, मग प्रोग्राम. प्रोग्रामांना साडेचार मिनिटं लागली. एकशे सदतीस आले, मशीनच्या यादीतही एकशे सदतीसच आहेत. प्रत्येकाची शेवटची ओळ मी पडद्याशी ताडली. रीस्टार्ट म्हणाला, “आता पुरे.” मी सगळ्या ताडल्या. मग मशीन चालू ठेवून सेल बदलले. अलार्म गेला.

बुधवारी तुमचं पत्र आलं. बाईंसाठीचं पत्र मी एक दिवस खिशात ठेवलं. खरं सांगतो, देऊ नये असं वाटत होतं. मशीन वाचलं होतं, माझं काम टिकलं होतं, तुमचं नाव शॉपमध्ये अजून तसंच होतं. पण बाई दोनदा येऊन विचारून गेल्या, “उस्तादांकडून काही?” दुसऱ्यांदा मला नाही म्हणता आलं नाही.

त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. टूलपोस्टाच्या जागी आल्यावर हसल्या, पण आवाज आला नाही.

निकाल असा: मी म्हातारीवर राहीन. बॅकअपवर वर्षभर दोन सह्या लागतील, एक माझी, एक रीस्टार्टची, आणि फाइलीचा आकार लिहायची नवी चौकट आहे. त्याचं काम सुरू आहे, बाईंनी दोन्ही कारखान्यांना स्वतः फोन केला. तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. चहाला येत नाही. मी माफी मागितली तेव्हा म्हणाला, “ठीक आहे,” आणि कीबोर्ड पुसायला लागला.

बाईंनी तुम्हाला एकच प्रश्न विचारायला सांगितला आहे. त्यांच्याच शब्दांत लिहितो: “काकांना विचार, तेव्हा मला सांगितलं असतं, तर मी रागावले असते का?”

उत्तर मी त्यांना वाचून दाखवायचं आहे.

आपला भाचा


१० जुलै

चि. भाच्यास आशीर्वाद.

तू दिलंस ते बरं केलंस. एक दिवस खिशात ठेवलंस तेही समजलं.

रीस्टार्टसाठी वेगळी चिठ्ठी सोबत आहे. ती त्याला दे आणि तिथे उभा राहू नकोस. माफी मागून झाली म्हणजे समोरच्याने लगेच चहाला यावं असं नसतं. त्याला वेळ घेऊ दे.

आता बाईंना हे वाचून दाखव.

बाई, तुम्ही रागावला नसता. तुम्हाला तेव्हा कारखान्यात येऊन सहा महिने झाले होते. कुठलंही ड्रॉइंग आलं की आधी माझ्याकडे यायचात, “काका, हे होईल का?” मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, “असू दे काका, चुकतं माणसाचं.” आणि पुढचं ड्रॉइंग दुसऱ्या कुणाला तरी दाखवलं असतं. तुमच्या ते लक्षातही आलं नसतं. माझ्या आलं असतं.

तेवढ्यासाठी मी एकशे बत्तीस सह्या केल्या.

मामा